आभाळाचा रंग ठरविणारे हे कोण?

नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावे, त्याचा कडू रस जिभेला लावावा आणि मगच फराळाला बसावे, अशी कोकणात चाल आहे. गोडाआधी थोडे कडू जिभेवर यावे, ही त्या चालीतली खुबी मला फार आवडते. तेव्हा ऐन दिवाळीच्या अंकात मी वाचकांपुढे एक भांडण घेऊन येत आहे, याचा कुणी राग मानू नये. भांडण आभाळाचे आहे, आणि आभाळ सर्वांच्याच डोक्यावर असल्यामुळे ते कुणाला परके वाटण्याचे कारण नाही.

माझी तक्रार थोडक्यात अशी. आमच्या शाळांनी, आमच्या गाईडांनी आणि काही अंशी आमच्या प्रवचनकारांनीही आभाळाला एक रंग ठरवून दिला आहे. त्या रंगाचे एक कारणही ठरवून दिले आहे. रंग कोणता? तर खडूच्या पेटीत ज्याच्यावर 'आकाशी' अशी चिठ्ठी असते तो. कारण कोणते? तर 'समुद्राचे प्रतिबिंब पडते म्हणून!' यांतला रंग अपुरा आहे आणि कारण तर साफ खोटे आहे. तरीही एखाद्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वेगळे काही सांगितले, तर खोटे ठरते ते मूलच. आभाळाचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते मुलाचे, म्हणून मी भांडते आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातील सेनगावची. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना मराठी शिकविते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. 'मग बाई, विज्ञानाच्या प्रांतात तुमचे काय काम?' असे विचारणारे विचारतीलच. त्यांना माझे उत्तर एवढेच की, आभाळ बघावयास पदवी लागत नाही. आणि लागत असती, तर मृगाच्या आधी तासन्‌तास वर बघत बसणारा आमचा शेतकरी आजवर डॉक्टर झाला असता.

आता आधी त्या समुद्राचा समाचार घेऊ. सेनगावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून दूर आहे आणि बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. आमच्या पोरांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला असेल, ते बोटांवर मोजता येईल. आमच्या डोक्यावर प्रतिबिंब पडावयाचेच झाले, तर ते काळ्या रानाचे पडेल, सोयाबीनचे आणि हळदीच्या मळ्यांचे पडेल, फार तर येलदरीच्या पाण्याचे पडेल. पावसाळ्यात कयाधूला पूर येतो तेव्हा पाणी मातकट असते. मग त्या दिवशी उघाडी पडली की आभाळ मातकट दिसावयास नको काय? पण ते तर धुऊन वाळत घातल्यासारखे निळेभोर असते. एवढा साधा विचार सहावीतले पोर करू शकते. त्याने तो करू नये अशी व्यवस्था मात्र आपण मोठ्या निगुतीने केली आहे.

आणि या खोट्या उत्तराची खरी मौज पुढेच आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' नावाच्या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांनी पाहिली आणि हा रंग येतो कोठून, असा प्रश्न त्यांना पडला. त्या काळी उत्तर तयार होते. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते की, खोल समुद्राची निळाई म्हणजे आभाळाचे प्रतिबिंब. आपले पोर असते तर 'रॅलेसाहेब म्हणतात म्हणजे खरेच' म्हणून वहीत उतरवून मोकळे झाले असते. रामन यांनी खिशातला निकोलचा लोलक काढून डोळ्यापुढे धरला. पाण्याच्या पृष्ठभागावरून ठराविक कोनात परतणारा प्रकाश या लोलकाने अडविता येतो. प्रतिबिंब अडले की समुद्र फिका पडावयास हवा होता. तो उलट अधिकच निळा दिसू लागला. म्हणजे समुद्राला स्वतःची निळाई आहे. पाणी प्रकाश विखुरते. आणि आज आपल्याला हेही ठाऊक आहे की, ते तांबडा प्रकाश शोषून घेते. बोट मुंबई बंदरात आली आणि तेथूनच रामन यांनी 'नेचर' या नियतकालिकाला पत्र धाडले. आपल्याच मुंबईच्या धक्क्यावर हे घडले!

याच वाटेने चालत ते पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोचले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. अशाच एका विज्ञान दिनाला एका शाळेत मी श्रोत्यांत बसले होते. मागे रामन यांची तसबीर, तिला झेंडूचा हार. एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली आणि तोंडपाठ भाषणात म्हणाली, 'समुद्राच्या प्रतिबिंबामुळे आकाश निळे दिसते, याचा शोध सर सी. व्ही. रामन यांनी लावला.' टाळ्या पडल्या. तिला बक्षीस मिळाले. तसबिरीतले रामन काही बोलू शकले नाहीत. पोरीचा काय दोष? तिला लिहून देणाऱ्याने गाईडात पाहिले होते, आणि गाईडवाल्याने दुसऱ्या गाईडात. वर मान करून कुणीच पाहिले नव्हते.

मग खरे कारण काय? ते कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, चूल पुरे. सकाळच्या वेळी चुलीचा धूर घराच्या काळ्या दारापुढून वर जातो, तेव्हा तो निळसर दिसतो. तोच धूर छपराच्या वर चढून उजळ आभाळापुढे आला की पिवळट, तपकिरी दिसतो. धूर तोच, मग रंग का बदलला? त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. काळ्या दारापुढे आपल्याला फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो, म्हणून निळा. उजेडाकडे पाहताना निळा गळून गेलेला, उरलेला प्रकाश दिसतो, म्हणून पिवळा. आता काळ्या दाराच्या जागी अवकाशाचा अंधार ठेवा आणि धुराच्या जागी हवा ठेवा. झाले तुमचे दुपारचे आभाळ. उरलेला पिवळा म्हणजे कलता सूर्य.

पारावर बसणाऱ्या आजोबांच्या बिडीतही हेच शास्त्र आहे. पेटत्या टोकाचा धूर निळा असतो. तोंडातून सोडलेला पांढुरका असतो. पोटातून फिरून येताना त्या कणांवर ओल चढते, ते मोठे होतात, आणि मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात. सगळे रंग सारखे आले की दिसते ते पांढरे. ढग पांढरे का, याचे उत्तर त्या बिडीत आहे. मे महिन्यात आमच्याकडचे आभाळ धुळीने पांढुरके, राखेच्या रंगाचे का होते, याचे उत्तरही तेच. पहिला दमदार पाऊस धूळ खाली बसवतो आणि निळाई पुन्हा उघडी पडते.

हा हिशेब जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास नळीतल्या धुक्यावर करून पाहिला आणि रॅले यांनी १८७१ साली तो गणितात मांडला. समुद्राबाबत चुकलेले हेच रॅले आभाळाबाबत बिनचूक निघाले. थोर माणसाचे एक चुकले म्हणून दुसरे टाकून देऊ नये, हेही मुलांनी येथे शिकावे. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, तांबड्याची सुमारे ७००. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. लांबी निम्मी झाली की विखुरणे सोळा पटींनी वाढते, असा नियम आहे. त्या हिशेबाने तांबड्यापेक्षा जांभळा नऊ पटींहून अधिक विखुरतो. आणि हे काम करण्यासाठी धूळही लागत नाही. हवेचे रेणूच पुरेसे आहेत, हे रॅले यांनीच १८९९ साली दाखविले.

संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकतो, तेव्हा त्याच्या किरणांना डोक्यावरच्या वाटेपेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडून यावे लागते. एवढ्या वाटेत निळे सगळे सांडते आणि तांबडे तेवढे घरी पोचते. १८८३ च्या ऑगस्टात क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वाफा उंच हवेत पसरल्या आणि पुढे कित्येक महिने जगभर सूर्यास्त पेटल्यासारखे दिसत राहिले. दक्षिण हिंदुस्थानात तर त्या सप्टेंबरात लोकांनी हिरवा आणि निळा सूर्य पाहिला. त्या वर्षी एखाद्या पोराने हिरवा सूर्य काढला असता, तर त्याला गुण मिळाले असते की छडी?

आता माझ्या प्रांतात येते. मी भाषेची बाई. आमच्या मराठीने आभाळाला कधी एका रंगात कोंडले नाही. पहाटे आपण म्हणतो, 'तांबडे फुटले.' दुपार कलली की 'उन्हे पिवळी पडली.' पाऊस अडून बसला की 'मळभ आले.' 'काळेकुट्ट भरून आले' म्हणताच बायका वाळवण उचलायला धावतात. निळ्या रंगालाच आपण 'आस्मानी' म्हणतो, आणि दुष्काळ-गारपिटीलाही 'आस्मानी'च म्हणतो. ज्यांनी हे शब्द घडविले ते अडाणी होते, पण ते बघत होते. शाळेचा तक्ता मात्र छापील. त्या तक्त्यावर आभाळ बारा महिने आकाशी, ढग बारा महिने कापसाचे, आणि सूर्य दोन डोंगरांच्या मधोमध. आमच्या सेनगावात असे दोन डोंगर शोधून सापडायचे नाहीत. पण प्रत्येक पोराच्या वहीत ते आहेत!

येथवर प्रकाशाचे झाले. पण अर्धी गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती माझ्याच वर्गातल्या एका मुलीने काढली. ती म्हणाली, 'बाई, जांभळा जर सगळ्यांत जास्त विखुरतो, तर आभाळ जांभळे का नाही?' मोठमोठ्यांनी डोके खाजवावे असा हा प्रश्न आहे. दुसऱ्या एका तासाला तिने तोच पुन्हा विचारला, तेव्हा तिला उत्तर मिळाले, 'फार शहाणपणा नको. परीक्षेला येत नाही ते.' ती खाली बसली. मुलाला एकदा असे खाली बसविले की ते पुन्हा उभे राहायला फार वर्षे लागतात. काही तर राहातच नाहीत.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आभाळात अर्धेच आहे. उरलेले आपल्या डोळ्यांत आहे. सूर्याच्या प्रकाशात जांभळा मुळातच निळ्यापेक्षा कमी. त्यातला काही आपल्या डोळ्याचे भिंगच गाळून टाकते. मागच्या पडद्यावर ज्या शंकुपेशी आहेत त्या तीन जातींच्या, आणि त्या जांभळ्याला फारशी दाद देत नाहीत. आभाळातून जांभळा येतो, निळा येतो, हिरवा येतो, थोडा पिवळा-तांबडाही येतो. या साऱ्या गर्दीची तीन पेशींत जी वाटणी होते, ती नेमकी तशीच असते जशी निळ्यात पांढरा कालवल्यावर होईल. म्हणून मेंदू निकाल देतो: फिकट निळा. मधमाशीला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. इतकेच काय, विखुरलेल्या प्रकाशाच्या कंपनांची दिशाही तिला कळते आणि सूर्य ढगाआड असतानाही ती वाट शोधते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ साली दाखविले. तिचे आभाळ आपल्यापेक्षा वेगळेच असणार. आता सांगा, पेटीतला आकाशी खडू कोणाच्या डोळ्याने ठरविला?

माणसामाणसांतही आभाळ एक नाही. आमच्या शेजारच्या आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर त्या ओसरीवर आल्या, वर पाहिले आणि म्हणाल्या, 'अगं माय, आभाळाला नीळ कुनी दिली?' घरचे हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवू लागते. ते भिंग काढून नवे बसविले की निळाई परत येते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे असेच ऑपरेशन १९२३ साली झाले आणि त्यानंतर त्याच्या चित्रांतले रंग बदलले. मोनेचे बदललेले रंग संग्रहालयात लावतात. आमच्या आजींचे वाक्य हसण्यावारी जाते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगते. एका शाळेत चित्रकलेचा तास होता. एका मुलाने आभाळ जांभळे रंगविले. त्याचे चित्र वर्गापुढे धरण्यात आले. 'ह्याच्या घरी आभाळ जांभळे असते बरे का!' म्हणून सगळ्यांना हसविण्यात आले. आणि मुद्दाम खोडी केली म्हणून त्याला ताससंपेपर्यंत उभे करण्यात आले. पुढे एकदा मी त्याला जवळ बसवून निळा आणि जांभळा असे दोन खडू हातात दिले. तो म्हणाला, 'दोन्ही एकच हायत की, बाई.' त्याने खोडी केली नव्हती. त्याला जांभळ्यातला तांबडा दिसतच नव्हता, म्हणून जांभळा त्याच्या लेखी निळाच होता. तीन जातींच्या पेशींपैकी एक कमी किंवा वेगळी असली की असे होते. हे वैगुण्य बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक, कारण त्याचे बीज एक्स गुणसूत्रावर असते, आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडून एकच मिळते.

ज्यांचा अणुसिद्धान्त याच शाळेत पाठ करून घेतात, ते जॉन डाल्टन या मुलाच्याच जातीचे. जे फूल इतरांना गुलाबी दिसे, ते त्यांना दिवसा आभाळासारखे निळे दिसे आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात तांबूस. त्यांना कुणी बाकावर उभे केले नाही. त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर १७९४ साली निबंध वाचला. 'माझ्या डोळ्यातला द्रव निळा असावा' असा त्यांचा तर्क होता, म्हणून मृत्यूनंतर आपला डोळा तपासावा, असे त्यांनी सांगून ठेवले. १८४४ साली तो तपासला. द्रव स्वच्छ निघाला. पण डोळा जपून ठेवला होता, आणि १९९५ साली त्यातल्या जनुकांवरून त्यांच्या दृष्टीत नेमकी कोणती पेशी नव्हती ते उमगले. एका माणसाने 'मला असे दिसते' म्हणून प्रामाणिकपणे सांगितले, आणि दोनशे वर्षांनी विज्ञानाने त्याची साक्ष खरी ठरविली. आमच्या पोराची साक्ष दोनशे वर्षे कुणी जपून ठेवणार नाही. ती तास संपायच्या आत फाडली गेली.

यावर आमचे प्रवचनकार म्हणतील, 'बाई, कशाला भांडता? आभाळाला मुळात रंगच नाही. निळाई हा भ्रम आहे. जवळ जा, ती नाहीशी होते.' हा दृष्टान्त फार जुना आणि फार थोर मुखातून आलेला आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्याच्या आरंभीच आभाळावर लोक मळकटपणाचा आरोप करतात, असा दाखला दिला आहे. ज्या जिल्ह्यात नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी आहे आणि औंढ्याला त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटल्याची कथा आहे, त्या जिल्ह्यातली मी. संतांचा आणि आचार्यांचा मान मला कुणी शिकवावयास नको. आचार्यांना ब्रह्म समजावून द्यावयाचे होते, आभाळ नव्हे. पण दाखला उचलून जेव्हा मुलाच्या प्रश्नावर झाकण म्हणून ठेवला जातो, तेव्हा बोलावेच लागते. दोरीवर साप दिसतो, तेव्हा कॅमेऱ्यात साप येत नाही. आभाळाची निळाई कॅमेऱ्यात येते. लोलकातून पाहिली तर मोजता येते. वरून निळा प्रकाश खरोखरच येतो. त्याचा 'निळा रंग' होतो तो प्रकाश आणि डोळा यांच्या भेटीत. गुळाची गोडीही जिभेच्या भेटीतच होते. म्हणून गूळ गोड लागणे हा भ्रम आहे, असे म्हणून कुणी दिवाळीचा फराळ टाळल्याचे मी ऐकले नाही!

उलट आपल्याला दिसत नाही म्हणून नाही, असेही नसते. कोजागिरीला दूध आटवून आपण गच्चीवर बसतो आणि म्हणतो, आभाळ काळे आहे, चांदणे पांढरे आहे. चंद्रप्रकाश म्हणजे परतलेला सूर्यप्रकाशच. हवा त्यालाही तशीच विखुरते. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून चांदण्यातले छायाचित्र काढले, तर आभाळ निळे येते. तेवढ्या मंद उजेडात आपल्या शंकुपेशी झोपी जातात आणि ज्या दंडपेशी जाग्या असतात त्यांना रंगच कळत नाही. निळाई तेथे असते; पाहणारा अपुरा पडतो.

आता माझे लेखक-मित्र उरले. त्यांचे म्हणणे असे की, कारण कळले की काव्य मरते. त्यांना मी एकच विचारते: लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवेलागणीला कधी अगदी डोक्यावर पाहिले आहे काय? सूर्य बुडालेला असतो, पश्चिमेला तांबूस पट्टा असतो आणि माथ्यावर मात्र खोल, गंभीर निळा रंग. दुपारच्या हिशेबाने तो तसा असावयास नको. लांबच्या वाटेत निळे सांडून गेल्यावर तेथे पिवळट-करडे आभाळ दिसले पाहिजे. ती निळाई बव्हंशी ओझोनची, हे हल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ साली दाखविले. उंचावरचा तो विरळ वायू जाणाऱ्या प्रकाशातले पिवळे-नारिंगी टिपून घेतो, आणि निळे पुढे सोडतो. जो ओझोन दिवसभर आपली कातडी उन्हापासून राखतो, तोच तिन्हीसांजेला अंगणातल्या पणतीमागे हा पडदा लावतो. हे कळल्याने काव्य मेले की वाढले, ते वाचकांनीच ठरवावे. मला तर हे वाचल्यापासून दिवेलागणीला घरात थांबवत नाही.

शिक्षकांवर सारा बोजा टाकून मी मोकळी होणार नाही. वर्गात साठ-सत्तर मुले, डोक्यावर कागदपत्रांचे ओझे, पोर्शन पुरा करण्याची घाई, आणि पालकांचा तगादा मार्कांचा. अशा वेळी एका ओळीचे उत्तर हाती लागले की कुणालाही बरे वाटते. पण एका ओळीचेच द्यावयाचे, तर खरे द्या: 'हवा निळा प्रकाश जास्त विखुरते.' चार शब्दांनी खोटे सांगण्यापेक्षा चार शब्दांनी खरे सांगण्यास जास्त वेळ लागत नाही. आणि तेही ठाऊक नसेल, तर 'चल, बाहेर जाऊन बघू' हे म्हणावयास काहीच खर्च नाही.

हे आजच का म्हणते, तेही सांगते. आमच्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. खर्च २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरचा प्रकाश धावणार आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली कंपने टिपणार. प्रकाशाचे एवढे सूक्ष्म शास्त्र आमच्या शिवेवर येते आहे. तेथे उद्या आमची पोरे कशाकरिता जाणार? फाटकावर वाहनांच्या नोंदी करावयास, की आत बसून प्रकाशाशी बोलावयास? याचा निकाल दुधाळ्याला लागणार नाही. 'आभाळ जांभळे का नाही?' असे विचारणाऱ्या मुलीला आपण खाली बसविले की पुढे बोलाविले, यावर तो लागणार आहे.

तेव्हा वाचकहो, या सुटीत घरातल्या मुलांसाठी माझा एवढा गृहपाठ मान्य करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने बॅटरीचा झोत सोडा. बाजूने पाहिले तर दूध निळसर दिसेल. समोरून बॅटरीकडे पाहिले तर उजेड नारिंगी दिसेल. दुपार आणि संध्याकाळ एकाच पेल्यात! मग एक कोरी वही द्या. पंधरा दिवस, पहाटे, दुपारी, दिवेलागणीला आणि निजण्यापूर्वी, आभाळाकडे पाहून जो रंग दिसेल तो तीत लिहू द्या किंवा रंगवू द्या. 'राखी', 'हळदी', 'ताकासारखा', 'ओल्या सिमेंटसारखा', काय वाटेल ते. चूक-बरोबरची खूण करू नका. दोन भावंडांच्या वह्या जुळल्या नाहीत, तर त्यांना एकमेकांशी भांडू द्या. आणि भांडण फारच वाढले, तर दोघांना हाताला धरून अंगणात न्या.

सुटी संपल्यावर ती वही शाळेत पाठवा. ती पाहून कुणी आकाशी खडू पुढे केलाच, तर मुलाच्या वतीने उत्तर देण्यास आपण जातीने जावे, एवढी माझी सर्व आईबापांना विनंती आहे.